निपाणीच्या वखारीत सापडलेला 'विंटर बॉबल'चा बोर्ड: जाणकारांनी मदत करावी

तंबाखूवखार (निपाणी)

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

निपाणीत आमची तंबाखूची जुनी वखार आहे. धंदा कधीच बंद झाला, आता तिथे गाळे काढायचं चाललंय. सामान हलवताना मागच्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागे व्हिडिओ गेमची उभी पेटी निघाली. धाकट्या काकांनी नव्वदच्या दशकात स्टँडजवळ गेमचं दुकान टाकलं होतं, त्यातली ही एक. बाकीच्या विकल्या गेल्या. हीच का राहिली ते सांगायला काका आता नाहीत.

पेटी कारखान्यातली नाही, इथल्याच सुताराकडून करून घेतलेली आहे. प्लायवूड, वर सनमायका, आणि दोन्ही बाजूंना पेंटरनं हातानं रंगवलेला बर्फाचा माणूस. त्याच्या डोक्यावर चक्क कोल्हापुरी फेटा! खाली एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला कन्नडमध्ये 'एक रुपया' लिहिलंय.

आत पिक्चर ट्यूब, वायरींचं जंजाळ आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेले गेमचे तीन सर्किट बोर्ड. एकावर पेनानं 'स्ट्रीट फायटर' लिहिलंय. दुसरा जळका. तिसरा ओळखीच्या टीव्ही मेकॅनिकनं पेटीत लावून पाहिला. पडद्यावर इंग्रजीत 'द विंटर बॉबल' असं नाव आलं आणि खेळ सुरू झाला तो सरळसरळ स्नो ब्रदर्स! फक्त सगळी चित्रं उभ्या पट्ट्यांनी चिरल्यासारखी दिसत होती. मग आम्ही बंद केलं.

हा गेम नक्की कुठला? दुर्मीळ वगैरे आहे का? दुरुस्त होईल का? आणि सुट्या भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठू की बेंगळुरूचा एस. पी. रोड?

गोवावेस (बेळगाव)

आयला, काय आठवण काढलास गा! खडेबाजाराच्या मागं एका बोळात आमचा अड्डा होता. बाहेर पोत्याचा पडदा, आत अंधार, उदबत्तीचा वास आणि मालकाच्या हातात पट्टी. पट्टी कशाला, तर खेळायची दांडी (जॉयस्टिक) जोरात हाणणाऱ्याच्या बोटावर. स्नो ब्रदर्सला दोघं लागायची. एकानं राक्षसाचा बर्फाचा गोळा करायचा, दुसऱ्यानं लाथ मारायची. माझा जोडीदार कन्नड शाळेतला. त्याला माझं मराठी येईना, मला त्याचं कन्नड येईना, पण खेळातला भोपळ्याच्या डोक्याचा भूत आला की दोघं एकदम ओरडायचो. आमच्या त्या पेटीपुढं सीमाप्रश्न कधी आलाच नाही.

संपादक

गोवावेस, आठवणी येऊ द्यात. सीमाप्रश्नावर वेगळे धागे पुष्कळ आहेत, हा तिकडे नेऊ नये ही सगळ्यांनाच विनंती.

गोवावेस (बेळगाव)

मी कुठं न्यायलोय साहेब, मी म्हटलं आलाच नाही.

सोल्डरगन (उद्यमबाग, बेळगाव)

तंबाखूवखार, पहिलं काम म्हणजे त्या बोर्डाला पुन्हा वीज देऊ नका. पेटीतला पॉवर सप्लाय इतकी वर्षं पडून आहे, तो किती व्होल्ट देतोय कुणाला ठाऊक. या बोर्डांना पाच व्होल्ट लागतात, आणि ते बोर्डाच्या काठावर मोजून पाच ते फार तर पाच पूर्णांक एक दशांश असावेत. साडेपाच-सहा गेले तर जुन्या चिपा बसतात. बारा व्होल्ट मुख्यतः आवाजाच्या ॲम्प्लिफायरला. उणे पाचची वायर दिसली तर घाबरू नका, बहुतेक बोर्डांना ती लागतच नाही.

पिक्चर ट्यूबला तर हातच लावू नका. पेटी बंद असली तरी ट्यूबच्या कुशीतल्या रबरी टोपीखाली हजारो व्होल्ट साठून राहिलेले असू शकतात. ते उतरवायची पद्धत आहे, ती येणाऱ्यानंच करावी.

आता गेम. स्नो ब्रदर्स हा जपानच्या टोआप्लान कंपनीचा, १९९० चा. कंपनीचं नाव विमानांच्या गोळीबारी खेळांमुळे, पण आपल्याकडे पोराटोरांना माहीत झाली ती या बर्फवाल्या दोघांमुळे, निक आणि टॉम. पन्नास मजले, दर दहाव्या मजल्यावर मोठा राक्षस. टोआप्लान १९९४ मध्ये बुडाली.

'द विंटर बॉबल' ही त्याची नक्कल, म्हणजे बूटलेग. मेम नावाच्या इम्युलेटरच्या (जुने गेम संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) यादीत तिची नोंद आहे आणि नावापुढे 'साकोवा प्रोजेक्ट, कोरिया' असं लिहिलंय. तेव्हा गेम जगाला माहीत नाही असं नाही. पण तुमच्या हातात आहे तो बोर्ड त्यातलाच का, हे चिपा वाचूनच कळेल. आधी बोर्डाचे स्वच्छ उजेडात फोटो टाका. मला हे बघायचंय: लांबलचक ६४ पायांची चिप (ती ६८०००, मेंदू), ४० पायांची झेड८०, आणि आवाजाची यामाहाची २४ पायांची वायएम३८१२. शिवाय एखादी मोठी चौकोनी चिप आहे का तेही सांगा. मूळ बोर्डावर चित्रांसाठी कानेको कंपनीची 'पॅंडोरा' नावाची चिप असते. ती नसून तिच्या जागी साध्या ७४ मालिकेच्या चिपांची फौज असली, तर नक्कल.

लॅमिंग्टन रोड, एस. पी. रोड नंतर. सध्या मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, मिळालं तर.

तंबाखूवखार (निपाणी)

धन्यवाद काका. (काका म्हटलं तर चालेल ना?) फोटो जोडलेत. मोठी चौकोनी चिप कुठेच दिसत नाही, बारक्या काळ्या चिपांच्या रांगाच रांगा आहेत. बऱ्याच चिपांवरचे नंबर घासून काढलेत. काहींवर कागदी चिकटपट्ट्या आहेत, त्यांतली एक अर्धी सुटलीय आणि खाली काचेची खिडकी दिसते.

सोल्डरगन (उद्यमबाग, बेळगाव)

काका चालेल, केस पांढरेच आहेत.

ती चिकटपट्टी ताबडतोब परत दाबा, वर ॲल्युमिनियमची पट्टी लावा. खिडकीखाली गेमचा प्रोग्रॅम आहे. अतिनील किरणांनी तो पुसला जातो, त्यासाठीच खिडकी ठेवलेली असते. वखारीच्या अंधारात इतकी वर्षं राहिली हे बरंच झालं. अंगणात उन्हात फोटो काढला नाहीत ना?

नंबर घासलेत म्हणजे नक्कलच. एका नक्कल करणाऱ्याची नक्कल दुसऱ्यानं करू नये म्हणून चिपांची नावं खरवडायची, हा या धंद्यातला नेहमीचा शहाणपणा.

तंबाखूवखार (निपाणी)

नाही, माजघरात बल्बखाली काढलाय. पट्टी दाबली.

मूळप्रत (पुणे)

धागाकर्त्याचा हिरमोड करायचा नाही, पण अपेक्षा वेळीच खाली आणलेल्या बऱ्या. मी जुने आर्केड (नाणं टाकून खेळायच्या पेट्यांतले) बोर्ड जमवतो, विशेषतः प्लॅटफॉर्म प्रकारातले. संग्राहकांच्या लेखी नक्कल बोर्डाला किंमत जवळपास नाही. मूळ टोआप्लानचा स्नो ब्रदर्स मिळाला असता तर गोष्ट वेगळी, आणि तोही अतिदुर्मीळ नव्हेच.

वाचनमात्र_७७

प्लॅटफॉर्म प्रकारातले? मला बेळगाव स्टेशनचा एक नंबर आठवला.

मूळप्रत (पुणे)

:) फळ्या, शिड्या, उड्या. पडद्यावर मजले असतात आणि तुम्ही एकावरून दुसऱ्यावर जाता, तो प्रकार. युनिव्हर्सल कंपनीचा स्पेस पॅनिक १९८० मध्ये आला, त्यात शिड्या होत्या पण उडी नव्हती. पुढच्याच वर्षी निन्टेंडोनं डाँकी काँग आणला आणि उडी मारणारा सुतार आला, तोच पुढे मारिओ झाला. गंमत म्हणजे अमेरिकेतले पहिले डाँकी काँग हे नवीन यंत्र नव्हतेच. रडार स्कोप नावाचा खेळ तिथे पडला, सुमारे दोन हजार पेट्या विक्रीविना राहिल्या, त्यांचेच बोर्ड बदलून हा खेळ घातला. म्हणजे पेटी जुनी, आतला खेळ नवा, ही युक्ती तेव्हापासूनची आहे.

खरी दुर्मिळता कशाला म्हणतात ते सांगतो. निन्टेंडोचा स्काय स्किपर, तोही १९८१ चा. हा विमानाचा, प्लॅटफॉर्म नव्हे, पण आमच्या प्रकाराशी त्याचं नातं आहे. अमेरिकेत मोजक्या पेट्या चाचणीसाठी लावल्या, लोकांना आवडला नाही, मग त्याच पेट्यांत १९८२ चा पॉपाय घातला. तो मात्र अस्सल फळ्या-शिड्यांचा खेळ. स्काय स्किपरचा बोर्ड उरला तो निन्टेंडोच्या अमेरिकी कचेरीतला एकच. हौशी लोकांनी पाठपुरावा करून त्यातला प्रोग्रॅम वाचून घेतला, जुन्या फोटोंवरून पेटी पुन्हा उभी केली, आणि मग २०१८ मध्ये खुद्द निन्टेंडोच्या स्विचवर तो खेळ विकत मिळू लागला. एक बोर्ड फेकला गेला असता तर खेळच संपला असता. तुमच्या विंटर बॉबलचं तसं नाही. त्याचा मूळ खेळ सुरक्षित आहे, २०२२ मध्ये त्याची नवी आवृत्तीसुद्धा आली.

माझा सल्ला: बोर्डावरच्या ६८००० आणि यामाहाच्या चिपा चांगल्या असल्या तर सुटे भाग म्हणून ठेवा. दुसऱ्या कुठल्या मूळ बोर्डाला जीवदान मिळेल.

गोवावेस (बेळगाव)

म्हणजे गरिबाची किडनी काढून श्रीमंताला लावा. वा रे वा.

हिरण्यकेशी (संकेश्वर, सध्या हुबळी)

मूळप्रत यांचं म्हणणं संग्राहकांच्या बाजारात बरोबर असेल, पण मला ते पटत नाही. का ते सांगते. थोडं लांबेल.

माझ्या वडिलांचं संकेश्वरात गेमचं दुकान होतं. चार पेट्या. पेट्या गडहिंग्लजच्या सुतारानं केलेल्या, बोर्ड मुंबईहून येणाऱ्या एका माणसाकडून घ्यायचे. तो सुटकेसमध्ये बोर्ड घेऊन बसनं यायचा, कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर, बेळगाव करत पुढे हुबळीला जायचा. जुना बोर्ड परत द्यायचा, वर पैसे टाकायचे, नवा घ्यायचा. बोर्ड अस्सल आहे का हा प्रश्न कुणीच विचारत नव्हतं. 'चालतो का, आणि पोरं परत येतात का' एवढंच. मूळ जपानी बोर्ड आमच्या पट्ट्यात किती आले असतील? मी तरी एकही पाहिला नाही. आमच्याकडे जे होतं ते सगळं नक्कल होतं, आणि त्यावर पोरांच्या दोन पिढ्या खेळल्या.

सर्वच जुळवाजुळव. सगळे बोर्ड एकाच मापाच्या पट्टीत बसायचे, त्यामुळे वडील दहा मिनिटांत गेम बदलायचे. बोर्डावर बारीक स्विचांची लाल पट्टी असायची. किती लाइफ द्यायच्या, खेळ किती अवघड ठेवायचा, ते तिथं ठरायचं. बाजारच्या दिवशी खेड्यांतली पोरं यायची, त्या दिवशी वडील खेळ अवघड करून ठेवायचे आणि रात्री परत सोपा. त्यांचं म्हणणं, बाजाराला आलेल्याचा रुपया आजच सुटला पाहिजे, गावातला उद्या येणारच आहे. मला तेव्हा हा धडधडीत अन्याय वाटायचा, अजूनही वाटतो.

लाइट गेली की भांडणं. अर्ध्या खेळात लाइट गेलेल्याला रुपया परत द्यायचा की नवा चान्स द्यायचा? वडील चान्स द्यायचे, पण लाइट येईपर्यंत तो पोरगा तिथंच थांबला असेल तरच. पाऊण तास अंधारात बाकावर बसलेली पोरं मी पाहिलीत.

मुली दुकानात येत नसत. येऊच देत नसत घरचे. मी मालकाची मुलगी म्हणून दुपारी शटर अर्धं ओढलेलं असताना खेळायची. लाल बाटली घेतली की निक पळतो, निळीनं बर्फ जास्त पडतो, पिवळीनं लांब जातो, आणि हिरवीनं तो फुग्यासारखा फुगून उडतो. मला हिरवीचा फार राग यायचा, कारण फुगल्यावर कुठं जातोय ते कळायचं नाही. एका मजल्यावर फार वेळ काढला की भोपळ्याच्या डोक्याचा भूत यायचा, तो मरतच नाही. पोरांना वाटायचं तो वडिलांनीच सोडलाय, लवकर मरावं म्हणून. म्हणजे भूत जपानचा आणि शिव्या बाबांना.

आता सांगा, हे सगळं ज्या बोर्डावर घडलं त्याला सुटे भाग म्हणायचं?

दुधगंगा (चिकोडी)

+१. हिरण्यकेशी ताई, वेगळा लेख लिहाच.

एक शंका. नक्कल म्हणजे चोरीच ना शेवटी? हा बोर्ड जवळ ठेवणं, त्यातला प्रोग्रॅम वाचणं, यात कायद्याची भानगड नाही ना?

सोल्डरगन (उद्यमबाग, बेळगाव)

करणाऱ्यानं चोरी केली, शंकाच नाही. टोआप्लानला या पट्ट्यातून एक येनसुद्धा गेला नसेल. त्यांच्या खेळांचे हक्क आज तात्सुजिन नावाच्या कंपनीकडे आहेत, तीही टोआप्लानच्याच जुन्या संगीतकारानं काढलेली. तेव्हा वाचलेली फाइल नेटवर वाटत सुटायचं नाही, विकायची तर नाहीच. स्वतःच्या घरच्या बोर्डाची प्रत करून ती अस्सल नोंदीशी ताडून बघणं, इतकंच मी सांगतोय.

आणि मूळप्रत साहेब, नक्कल बोर्डांना असं हिणवू नका. बबल बॉबल घ्या, टायटोचा १९८६ चा, बुडबुडे सोडणारे दोन ड्रॅगन. शंभर मजले. स्नो ब्रदर्स, टंबल पॉप, ही सगळी त्याचीच बाळं. मूळ बोर्डावर टायटोनं एक संरक्षक चिप बसवली होती, आतलं काही बाहेरून वाचता येत नव्हतं. नक्कल करणाऱ्यांनी ती चिप टाळून खेळ चालवला, जमेल तसा. इम्युलेटरवाल्यांनाही बरीच वर्षं त्या नकलांकडे बघूनच आतलं वर्तन ताडावं लागलं. शेवटी चिपचं आवरण आम्लानं विरघळवून, आतली सिलिकॉनची चकती उघडी करून प्रोग्रॅम वाचला, तेव्हा कुठं अस्सल खेळ कळला. आणि मग दिसलं की नकलांमध्ये काय काय वेगळं होतं. ते वेगळेपण आपण लहानपणी खेळलो ते. आपल्या पोरांना जो बबल बॉबल 'खरा' वाटतो तो अनेकदा नकलेतला असतो.

कोरियात तर स्नो ब्रदर्सच्या हार्डवेअरची नक्कल करता करता लोक स्वतःचे खेळ करायला शिकले. सेमिकॉमचे हायपर पॅकमॅन, कुकी अँड बीबी, दोन्ही १९९५ चे, त्याच वंशातले. उद्यमबागेतल्या कारखान्यांत आम्हीही सुरुवात बाहेरचा पंप उघडून, मापं घेऊन, तसाच ओतून केली. आज इथले लोक हायड्रॉलिकचे भाग परदेशी पाठवतात. नक्कल हा शेवट असतो असं नाही.

मूळप्रत (पुणे)

पंप आणि कलाकृती यांत फरक आहे, पण बबल बॉबलचा मुद्दा मान्य. मी बाजाराची रीत सांगत होतो. आमच्यात माणूस आधी बोर्डाच्या कोपऱ्यातला कंपनीचा शिक्का बघतो, मग खेळतो. कित्येकजण खेळतच नाहीत, पेटीत सिलिका जेल टाकून कपाटात. मी खेळतो.

कॅसलरॉक

सिलिका जेलवरून: खानापूर पट्ट्यातल्या लोकांनी हे मनावर घ्या. आमच्याकडच्या पावसात बोर्डाच्या काठावरचा सोनेरी-पिवळा मुलामा हिरवा पडतो. बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळू नका, कागद ओल धरतो. अँटीस्टॅटिक पिशवी, आत जेल, वर हवाबंद डबा. जेल दर उन्हाळ्यात तव्यावर गरम करून परत वापरता येतं, आधी पाकिटावर लिहिलेलं वाचा.

निपाणीत ओल कमी पण तंबाखूची धूळ. ती चिकट असते, नुसत्या फुंकरीनं जात नाही.

तंबाखूवखार (निपाणी)

धूळ म्हणजे किती! वखारीत अजून शिंका येतात.

सोल्डरगन काका, सगळ्यांच्या सूचना वाचल्या. बोर्ड सुटा करणार नाही हे ठरलं. पुढे काय करू?

सोल्डरगन (उद्यमबाग, बेळगाव)

या बेळगावला. कुठं लॅमिंग्टन रोड आणि एस. पी. रोड करत बसता.

तोवर इतरांच्या माहितीसाठी पद्धत लिहितो. खिडकीवाल्या चिपा खोबणीत बसवलेल्या असतात. कोणती कुठं आणि तिची खाच कुठल्या बाजूला, याचा फोटो काढून मगच उचलायच्या. चपटा स्क्रू ड्रायव्हर दोन्ही टोकांकडून आळीपाळीनं घालून, एका बाजूनं उचकटाल तर पाय वाकतील. मग यूएसबीचा प्रोग्रॅमर (चिप वाचायचं यंत्र), टीएल८६६ सारखा स्वस्तातला पुरतो. प्रत्येक चिप पुन्हा पुन्हा वाचायची. दर वेळी उत्तर तेच आलं पाहिजे. वेगळं आलं तर पाय खराब किंवा चिप म्हातारी. फाइलीचा सीआरसी (फाइलीतल्या माहितीवरून काढलेला ताळ्याचा) आकडा मेमच्या नोंदीशी जुळवायचा.

६८००० एका वेळी दोन बाइट वाचतो, म्हणून प्रोग्रॅमच्या चिपा जोडीनं असतात, एकीत सम बाइट, दुसरीत विषम. त्या अदलाबदल करून बसवल्या तर काळा पडदा, आणि माणूस उगाच बोर्ड मेला म्हणून रडतो.

तुमच्या उभ्या पट्ट्यांबद्दल माझा अंदाज: प्रोग्रॅम चांगला आहे, नाहीतर नावापर्यंत पोचला नसता. चित्रांच्या चिपांपैकी एकीची माहितीची एक वाट तुटलीय. आणि या खेळात मागचं चित्र असं वेगळं नसतंच, फळ्यासुद्धा माणसांसारख्याच तुकड्यातुकड्यांनी काढलेल्या असतात. म्हणून सगळंच चिरलेलं दिसतंय.

मूळप्रत (पुणे)

वाचल्यावर काय निघतं ते नक्की लिहा. न जुळणारी फाइल निघाली तर ती मात्र बातमी असेल.

गोवावेस (बेळगाव)

आता बघा कसा जवळ सरकूलालाय.

तंबाखूवखार (निपाणी)

मंडळी, काम झालं. बोर्ड घेऊन बेळगावला जाऊन आलो. काकांच्या टेबलावर वाचन केलं. कुंदा मी नेला होता, तोही बेळगावातच विकत घेऊन. त्यावरून बोलणी खाल्ली.

प्रोग्रॅमच्या दोन्ही चिपा पहिल्याच वाचनात नोंदीशी जुळल्या. आवाजाची जुळली. चित्रांपैकी एक जुळेना, आणि क्षणभर मला वाटलं की आता मूळप्रत साहेबांची बातमी निघाली. पण काकांनी फाइल उघडून दाखवली: प्रत्येक बाइटमधला एकच ठरावीक बिट सगळीकडे 'एक'. असं खऱ्या चित्रात असूच शकत नाही. चिप उलटी करून भिंगातून पाहिलं तर एका पायावर काळा थर चढलेला. अल्कोहोल, मग पेन्सिलीचं खोडरबर, मग पुन्हा वाचन, आणि ती पण जुळली. बोर्डावरची खोबण बदलली, तिच्यात हिरवं साचलं होतं.

तेव्हा बोर्डात जगाला नवीन असं काही नाही. यादीतला तोच विंटर बॉबल.

पण चालतो! पट्ट्या गेल्या. काकांच्या बाकावरच दोघं बसून पहिल्या राक्षसापर्यंत गेलो. काका भयंकर खेळतात. (चांगल्या अर्थानं नाही.)

सोल्डरगन (उद्यमबाग, बेळगाव)

मी दुरुस्त करतो, खेळणं माझं काम नाही.

मूळप्रत (पुणे)

अभिनंदन. मनापासून. आता एक विचारतो, वाईट वाटून घेऊ नका. बोर्ड तुमच्याकडेच राहू द्या, पण पेटीच्या त्या दोन रंगवलेल्या बाजू द्यायचा विचार आहे का? फेटा घातलेला बर्फाचा माणूस मी जपानी, अमेरिकी, युरोपी कुठल्याच पेटीवर पाहिला नाही. छापील स्टिकर हजारो निघाले असतील. हा हातचा एकच आहे.

हिरण्यकेशी (संकेश्वर, सध्या हुबळी)

बघा! शेवटी तुम्हालाही बोर्ड नकोच, सुतार आणि पेंटर हवाय.

मूळप्रत, बाजू सुट्या नेल्या तर त्या भिंतीवरच्या तसबिरी होतील. खरं जमवायचं असेल तर आमच्या पट्ट्यातल्या अशा पेट्या कुणाकुणाच्या माळ्यावर आहेत त्याची यादी करा. फोटो, मापं, कुठल्या गावात केली, रंग कुणी दिला. बोर्डांची नोंद जगानं ठेवलीय, अगदी नकलांचीसुद्धा. पेट्यांची कुणीच ठेवलेली नाही. बहुतेक तर दुकानं बंद पडल्यावर कोंबड्यांच्या खुराड्यांना लागल्या. आमच्या चारांपैकी एकीत अजून माझी काकू कांदे ठेवते.

संपादक

एक सूचना: खरेदी-विक्रीची बोलणी धाग्यावर नकोत, व्यक्तिगत निरोपातून करा. गेमच्या फाइलींचे दुवे कुणी दिले तर उडवले जातील. पेट्यांच्या यादीची कल्पना चांगली आहे, हिरण्यकेशी यांनी वेगळा धागा काढला तर तो वर चिकटवू.

तंबाखूवखार (निपाणी)

मूळप्रत साहेब, राग नाही, पण बाजू द्यायच्या नाहीत. या येणाऱ्या गणपतीत आमच्या गल्लीतलं मंडळ पेटी मांडवात ठेवायचं म्हणतंय. तुम्ही फोटो काढायला या, राहायची सोय घरी आहे. रंगवणाऱ्या पेंटरचाही शोध लागतोय, चिकोडी रोडवर अजून ट्रकच्या पाट्या रंगवतात म्हणे.

शेवटची एक अडचण. नाण्याचं तोंड. हल्लीचा रुपया टाकला तर सरळ खालच्या ताटलीत पडतो, खेळ मोजत नाही. मंडळातल्या पोरांनी बटण लावून द्या म्हटलं, पण नाणं टाकल्याशिवाय मजा नाही.

कॅसलरॉक

पत्र्याचे टोकन करून घ्या, उद्यमबागेत कुणीही कापून देईल.

हिरण्यकेशी (संकेश्वर, सध्या हुबळी)

टोकन कशाला? ते तोंड १९९२ च्या स्टीलच्या रुपयासाठी लावलेलं असणार. बाबांनीही तेव्हा आधीच्या मोठ्या रुपयाची सगळी तोंडं बदलून घेतली होती. तो रुपया २५ मिलिमीटर, ४.८५ ग्रॅम. आत्ताचा त्याहून लहान नि हलका, म्हणून घसरून पडतो. २०११ मध्ये आलेलं दोन रुपयांचं स्टीलचं नाणं टाकून बघा, माप आणि वजन बरोबर तेच आहे. २०१९ नंतरचं दोनाचं घेऊ नका, ते लहान केलंय.

तंबाखूवखार (निपाणी)

चाललं!! ताई, खट्ट आवाज आला आणि एक चान्स मिळाला. मंडळाला कळवतो, दर दोन रुपये.

गोवावेस (बेळगाव)

इतक्या वर्षांत फक्त डबल? येतो की मग. दुसऱ्या दांडीवर कोण आहे सांगून ठेव.